करड्या रंगाची पारख

बडोदे शहराच्या वायव्येस, अलेंबिकच्या जुन्या कारखान्यांच्या भिंती मागे टाकून गोरव्याकडे निघालेला रस्ता जेथे औद्योगिक वसाहतीच्या गल्ल्यांत विखुरतो, तेथे भर दुपारी एखाद्या शेडच्या अर्ध्या उघड्या शटरमधून आत पाहावे, तर विजेच्या पॅनेलांच्या पत्र्याच्या पेट्या ओळीने उभ्या असलेल्या दिसतात, आणि त्यांचा वर्ण बहुधा एकच असतो: करडा. बी.आय.डी.सी. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या वसाहतीत त्या वर्णाला कोणी नावाने हाक मारीत नाही. मुकादम नुसते ‘सहाशे एकतीस’ म्हणतो आणि रंगारी त्या आकड्याचा डबा उघडतो. अधिक पिवळसर, नदीतल्या गोट्यासारखा करडा हवा असेल तर ‘सीमेन्स ग्रे’ म्हणण्याची रीत आहे. याच गल्ल्यांच्या आसपास मोटारींची पत्र्याची व रंगाची कामे करणारी गॅरेजेसही आहेत, आणि एखादा हौशी गृहस्थ आपली बसकी, दोन आसनांची स्पोर्ट्‌स मोटार घेऊन अशा ठिकाणी आला, व पाच-सहा करड्या छटांचे नमुने हाती धरून यांतला कोणता, असा प्रश्न त्याने टाकला, की रंगाऱ्याच्या चर्येवर जे गांभीर्य उमटते ते लाल किंवा निळा रंग मागणाऱ्या गिऱ्हाइकाच्या वाट्यास सहसा येत नाही. कारण करड्यांची तुलना हे रंगकामातले सर्वांत कठीण काम आहे, हे तो अनुभवाने जाणून असतो.

हे काठिण्य आजचे नव्हे, आणि ते ओळखण्याची दृष्टीही या नगरीला आज लाभलेली नाही. करड्याची पारख ही वस्तुतः प्रकाशाची पारख आहे. एखादा पृष्ठभाग आपल्यावर पडलेल्या उजेडाचे काय करतो, तो गिळतो, पसरवतो, की एका दिशेने परत फेकतो, एवढाच प्रश्न करड्याच्या बाबतीत शिल्लक राहतो, कारण डोळ्याला भुलविणारा दुसरा वर्ण तेथे नसतोच. ही पारख बडोद्यात प्रथम जवाहिरखान्यात होती, नंतर ती प्रयोगशाळेत आली, आणि तेथून कारखान्यात उतरली. गोरव्यातल्या एका आकड्याच्या डब्यामागे एवढा इतिहास उभा आहे, आणि तो सांगण्याजोगा आहे असे मला मनापासून वाटते.

खंडेराव महाराज गायकवाड यांचा अंमल १८५६ ते १८७० असा चौदा वर्षांचा. त्यांच्या रत्नांच्या हौशीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु त्या हौशीचे सर्वांत विलक्षण स्मारक म्हणजे १८६५ च्या सुमारास त्यांनी करविलेला मोत्यांचा गालिचा. हरणाच्या कातड्यावर व रेशमावर पंधरा ते वीस लाख बसराई मोती गुंफून तो सिद्ध झाला, मदिनेच्या पैगंबर-समाधीस अर्पण करण्याचा महाराजांचा संकल्प होता असे सांगतात, आणि २००९ साली दोहा येथील लिलावात तो विकला गेला. लक्षावधी मोती एका पृष्ठावर बसवायचे म्हणजे त्यांचे पाणी एकमेकांशी जुळले पाहिजे. आणि मोत्याचे पाणी जुळविणे याचा अर्थ असा, की या दाण्याचा पांढरेपणा किंचित राखी आहे, त्याचा किंचित गुलाबी, तिसऱ्याचा पारव्याच्या मानेसारखा निळसर, हे ज्याला एका दृष्टिक्षेपात कळते असा पारखी दरबारी असला पाहिजे. मोती चमकतो तो रंगद्रव्यामुळे नव्हे. त्याच्या देहातील अतिशय पातळ पापुद्र्यांवरून परतणारे प्रकाशकिरण परस्परांत मिसळून ती झळाळी उत्पन्न करतात. हे शास्त्र जवाहिऱ्याला ठाऊक नव्हते, पण उत्तरेकडच्या खिडकीपाशी बसून, काळ्या किंवा पांढऱ्या कपड्यावर दाणे पसरून, शेजाऱ्याशी शेजारी ताडून पाहावे, ही रीत त्याला पक्की ठाऊक होती, आणि आजच्या रंगशाळांतली रीत तत्त्वतः तीच आहे.

खंडेरावांची दुसरी एक देणगी या कथेत अनपेक्षित रीतीने येते. त्यांनी मुंबई शहराला राणी व्हिक्टोरियाचा एक संगमरवरी पुतळा दिला. मॅथ्यू नोबल या इंग्रज शिल्पकाराने घडविलेला हा पुतळा १८७२ साली उघडण्यात आला, आणि १८९६ च्या ऑक्टोबरात चापेकर बंधूंनी त्याला डांबर फासले. त्या डांबरामागचा राजकीय क्षोभ हा स्वतंत्र विषय आहे. येथे त्यानंतरचे प्रकरण महत्त्वाचे. संगमरवर हा वरून गुळगुळीत दिसला तरी सच्छिद्र दगड आहे. डांबराचा वरचा थर खरवडून काढता येतो, परंतु जे आत मुरले ते करड्या डागाच्या रूपाने राहते, आणि घासावे तो दगडाचेच पाणी उतरते. हा डाग ज्यांनी रसायनाच्या बळावर काढला ते त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. बडोद्याच्या महाराजाने दिलेल्या दगडाचे शुभ्रत्व बडोद्याच्याच कलाभवनाच्या पहिल्या प्राचार्याने परत मिळवून द्यावे, या योगायोगाकडे मराठी इतिहासकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही.

गज्जरांचा जन्म सुरतेचा, १८६३ चा. म्हणजे ते पुढे बडोद्याच्या गादीवर आलेल्या सयाजीराव महाराजांच्या अगदी बरोबरीच्या वयाचे. सुताराच्या व शिल्पाच्या धंद्यातल्या घराण्यात वाढलेल्या या मनुष्याने रसायनशास्त्राची पदवी घेतली, आणि आपल्या देशातील कारागिराच्या हाती शास्त्र गेले पाहिजे या एका विचाराने तो झपाटला. १८९० साली सयाजीरावांनी बडोद्यास कलाभवन स्थापिले, तेव्हा त्याचे प्राचार्यपद गज्जरांकडे आले. चित्रकला, वास्तुकला, यंत्रकाम, यांबरोबर कापड रंगविण्याचे शास्त्र हा तेथील एक मुख्य विभाग होता. दादासाहेब फाळके यांच्यासारखा पुढे कीर्तिमान झालेला मनुष्य त्याच संस्थेत शिकून गेला. शिकविण्यासाठी देशी भाषांत पुस्तके नाहीत, तेव्हा ती लिहविली पाहिजेत, म्हणून ‘सयाजी ज्ञानमंजूषा’ ही ग्रंथमाला गज्जरांनी योजिली. रंगाऱ्याचे ज्ञान बापाकडून मुलाकडे कानोकान जात असे ते आता वजनमापाने, तपमानाच्या आकड्याने, कागदावर उतरू लागले. ‘थोडा काळा घाल’ या वाक्याच्या जागी ‘शंभर भागांस इतके भाग काळा’ हे वाक्य येणे ही लहान क्रांती नव्हे. करड्याच्या बाबतीत तर सगळा व्यवहारच या एका वाक्यावर उभा आहे.

मुंबईस गेल्यावर गज्जरांनी गिरगावात आपली प्रयोगशाळा चालविली, आणि तेथे त्यांनी जो उद्योग केला तो वाचून मला नेहमी खंडेरावांच्या गालिच्याची आठवण होते: मळकटलेले, काळवंडलेले मोती रासायनिक प्रक्रियेने उजळून देण्याची विद्या त्यांनी सिद्ध केली व तीतून मोठे द्रव्यही मिळविले. काळ्या डांबराचा डाग पांढऱ्या दगडातून काढणारा आणि करड्या मोत्याला त्याचे पाणी परत देणारा हा रसायनज्ञ म्हणजे काळा आणि पांढरा यांच्यामधल्या संपूर्ण प्रदेशाचा जाणकारच म्हटला पाहिजे. त्यांच्या शिष्यपरिवारातूनच कोटिभास्कर आणि राजमित्र भाईलाल अमीन यांच्या कर्तृत्वाने १९०७ साली अलेंबिक केमिकल वर्क्स ही कंपनी उभी राहिली, आणि सयाजीरावांच्या आश्रयाने तिचा कारखाना बडोद्यास वाढला. पुढे १९४३ साली नानूभाई अमीन यांनी ज्योती हा यंत्रनिर्मितीचा उद्योग काढला; १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झाले; कोयलीची तेलशुद्धी, बाजव्याचे खत, पेट्रोरसायने अशी एकेक प्रकरणे साठीच्या व सत्तरीच्या दशकांत येत गेली; आणि वेशीबाहेरचे, तलावाकाठचे गोरवा हे गाव शहराच्या व कारखान्यांच्या मधल्या पट्ट्यात सापडून स्वतःच औद्योगिक वसाहत होऊन बसले.

आता तो आकडा. पत्र्याच्या पेटीला करडा रंग का, याचे उत्तर समुद्रावर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्रजी आरमाराची जहाजे काळी, पांढरी आणि पिवळसर अशा डामडौलाच्या रंगांत असत. विसाव्याच्या आरंभी, तोफांचा पल्ला वाढल्यावर, दूरवरून दिसणे हेच संकट ठरले व सगळे आरमार करडे झाले. त्या करड्यांच्या छटा कारखान्या-कारखान्यांत वेगळ्या निघू नयेत म्हणून प्रमाण नमुन्यांची गरज पडली, आणि ब्रिटिश प्रमाणसंस्थेने १९३० नंतर रंगांची जी क्रमांकित यादी प्रचारात आणली तीत हे करडेही सहाशेच्या घरात बसविले. १९४७ साली आपली भारतीय मानक संस्था स्थापन झाली व तयार रंगांसाठी तिने जे मानक केले, त्यात या छटा त्याच क्रमांकांनिशी आल्या: ६३१ हा फिका करडा, ६३२ हा आरमारी गडद करडा, ६९२ हा धुराचा करडा. जर्मनीत १९२७ साली ‘राल’ नावाची अशीच यादी चाळीस रंगांनी सुरू झाली, आणि गोरव्यात ज्याला सीमेन्स ग्रे म्हणतात तो तिच्यातला ७०३२ या क्रमांकाचा. गायकवाडी दप्तरात जशी प्रत्येक दस्ताला बारनिशी, तशी रंगाला ही बारनिशी. ती नसती, तर गोरव्यात रंगविलेले पॅनेल कोईमतूरच्या गिरणीतील जुन्या पॅनेलाशेजारी उभे करता आले नसते.

मोटारीचा करडा या मार्गाने आला नाही. तो शर्यतीच्या रस्त्यावरून आला, आणि त्यापूर्वी त्याला वाळण्याची अडचण ओलांडावी लागली. बग्गीखान्यातील रंगकाम हे महिनाभराचे काम असे: सफेदा व जवसाचे तेल यांचे हात, प्रत्येक हातानंतर लाव्हाच्या दगडाने पाण्यात घासणे, मग रंग, मग व्हार्निशाचे थरावर थर, आणि प्रत्येक थराला वाळण्यास सवड. पहिल्या मोटारी अशाच रंगल्या. पहिल्या महायुद्धानंतर बंदुकीच्या दारूसाठी लागणाऱ्या नायट्रोसेल्युलोजचे कारखाने रिकामे पडले असता, त्याच द्रव्यापासून अमेरिकेत ड्यू पॉंट कंपनीने १९२३ च्या सुमारास ‘ड्युको’ हे लॅकर काढले आणि महिन्याचे काम काही तासांवर आले. आपल्याकडे ‘ड्युको’ हे त्या जातीच्या सगळ्याच रंगाचे नाव होऊन बसले. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचे, रंग येऊन इतकी वर्षे झाली तरी जुने रंगारी अद्याप ‘ड्युको मारायचा’ असेच म्हणतात. याच लॅकरने फवाऱ्याच्या बंदुकीला काम दिले, आणि फवाऱ्याशिवाय धातूच्या चुऱ्याचा रंग, म्हणजे ज्याला आपण मेटॅलिक म्हणतो तो, शक्य झाला नसता.

शर्यतीत प्रत्येक राष्ट्राचा रंग ठरलेला असे: फ्रान्सचा निळा, इटलीचा लाल, इंग्लंडचा हिरवा, जर्मनीचा पांढरा. १९३४ साली मोटारीचे वजन ७५० किलोंच्या आत असावे असा नियम लागू झाला, आणि ३ जून रोजी आयफेलच्या शर्यतीआधी मर्सिडीजच्या गाड्या एक किलोने जड भरल्या म्हणून व्यवस्थापक नॉयबाउअर याने रात्रीतून पांढरा रंग खरवडून काढावयास लावला व खालचे उघडे अ‍ॅल्युमिनियम चमकू लागले, ही कथा जगभर सांगितली जाते. इतिहासकारांनी तिच्यावर सबळ शंका घेतल्या आहेत. १९३२ सालीच बर्लिनच्या आव्हुस मार्गावर फॉन ब्राउखिच याची रुपेरी मर्सिडीज धावली होती व तिला रुपेरी बाणाची उपमा मिळाली होती, तेव्हा एका रात्रीचा तो प्रसंग मागाहून रचलेला असावा असेच मलाही वाटते. तथापि कथा खोटी असली तरी तिच्यातला रंगविचार खरा आहे. शर्यतीच्या मोटारीचा रुपेरी करडा हा लेप नसलेल्या धातूचा आभास आहे. वेगासाठी सर्व काही टाकून दिल्यावर जे उरते ते असे दिसते, असे तो रंग सांगतो. १९५४ साली पंखांसारखी वर उघडणारी दारे असलेली मर्सिडीज ३०० एस.एल. आली ती याच रुपेरी करड्यात लोकांच्या मनात ठसली.

त्यानंतरच्या करड्यांची वंशावळ सांगताना मी प्रत्येकाशी थांबणार नाही. पण एका गाडीपाशी थांबणे भाग आहे. मार्च १९६१ मध्ये जिनीव्हाच्या प्रदर्शनाच्या वेळी जॅग्वारने आपली ई-टाइप प्रथम दाखविली, आणि तेव्हा पुढे आणलेली ९६०० एच.पी. या क्रमांकाची बंद छपराची मोटार गनमेटल करड्यात होती. तो तोफेच्या धातूचा करडा गडद आहे, परंतु मृत नाही; त्यात अ‍ॅल्युमिनियमचे बारीक चूर्ण असल्याने लांब बॉनेटच्या पाठीवर उजेड एका रेषेत धावतो व पाखांवर उतरताच रंग जवळजवळ काळा होतो. त्या गाडीचा घाट समजावून देण्यास दुसरा कोणताही वर्ण इतका उपयोगी पडला नसता. १९६४ च्या ‘गोल्डफिंगर’ चित्रपटातील अ‍ॅस्टन मार्टिनचा सिल्व्हर बर्च हा त्याच जातीचा, पण फिका व किंचित ऊबदार. स्टीव्ह मॅक्विनच्या ‘ल माँ’ या १९७१ च्या चित्रपटातील पोर्शे ९११ चा पाटीच्या दगडासारखा करडा मात्र कमालीचा शांत. लंबगोल, भरीव अंगाची ती गाडी त्या रंगात एकसंध दिसते. आणि गेल्या दशकात आउडीने इटलीतील नार्दो येथील सुमारे साडेबारा किलोमीटरच्या वर्तुळाकार चाचणीमार्गाचे नाव देऊन जो करडा लोकप्रिय केला, तो तर धातूचा कणही नसलेला सपाट करडा आहे. तो पाहून गोरव्यातला कोणीही रंगारी म्हणेल, की हा आमच्या पॅनेलाचा सख्खा भाऊ. आरमार, यंत्रशाळा आणि शर्यत हे तीन वेगळे मार्ग तेथे एकत्र आले.

आता ज्या कामासाठी रंगाऱ्याच्या चर्येवर गांभीर्य येते त्याकडे वळू. सपाट करडा म्हणजे काळा अधिक पांढरा, असे बाहेरच्याला वाटते. काळा हा कार्बन: तो जितका बारीक दळलेला तितका पांढऱ्यात मिसळल्यावर तपकिरीकडे झुकतो, आणि जाडसर काजळी निळसर करडा देते. पांढरा हा टायटॅनियम डायऑक्साइड: त्याचा एक स्फटिकप्रकार किंचित पिवळसर, दुसरा किंचित निळसर. म्हणजे ‘काळा अधिक पांढरा’ या एका वाक्यातच चार वेगळे करडे दडलेले आहेत, आणि त्यात थेंबभर गेरू किंवा निळा पडला की आणखी अनेक. शिवाय डोळ्याचा व्यवहार सरळ नाही. काळ्या-पांढऱ्याच्या बरोबर मध्यावर आहे असे जो करडा आपल्याला वाटतो, तो वास्तविक पडलेल्या प्रकाशाचा सुमारे १८ टक्केच भाग परत पाठवितो. त्यामुळे गडद बाजूस एक थेंब काळा अधिक झाला तर दिसत नाही, फिक्या बाजूस तोच थेंब डब्याचा डबा बिघडवितो.

आणि हे दोन घटक डब्यात गुण्यागोविंदाने राहत नाहीत. टायटॅनियम डायऑक्साइडची घनता चारच्या आसपास, कार्बनची दोनच्या आत. रंग ओला असताना जड पांढरा खाली बसू पाहतो, हलका काळा वर येतो, आणि सुकलेला पत्रा ओल्या नमुन्याहून गडद निघतो. यासाठी गोरव्यातला जाणता कारागीर एक परीक्षा करतो. पत्र्याच्या तुकड्यावर रंगाचा हात मारून तो काही मिनिटे थांबतो. थर नुसता चिकटसर झाला, की अंगठ्याने रुपयाएवढ्या जागेवर गोल घासतो आणि तुकडा तसाच उजेडात ठेवतो. घासलेली जागा व भोवतालची जागा एकच छटा दाखवीत असतील, तर रंग नीट दळलेला आहे. अंगठ्याखालची जागा वेगळी पडली, तर कणांचे पुंजके झालेले आहेत आणि हा डबा कितीही जुळला असे वाटले तरी गाडीवर जुळणार नाही. मग तो तुकडा घेऊन तो शेडच्या बाहेर येतो, कारण आतल्या ट्यूबच्या उजेडात सारखे दिसणारे दोन करडे उन्हात एक हिरवट व एक जांभळट निघाल्याचे त्याने पाहिलेले असते. प्रयोगशाळेत यासाठी दिवसाच्या प्रकाशाचा, ट्यूबचा व पिवळ्या दिव्याचा असे तीन दिवे असलेली पेटी असते. गोरव्यात सकाळचा दहाचा उजेड आणि दाराची सावली यांवर भागते, आणि पुष्कळदा चांगले भागते.

मेटॅलिक करड्याची गोष्ट आणखी नाजूक. त्यातले अ‍ॅल्युमिनियमचे कण दहा ते चाळीस मायक्रॉन रुंद व एका मायक्रॉनहूनही पातळ, आणि ते कौलांप्रमाणे एकावर एक आडवे निजले, तरच समोरून पाहता रंग उजळ व तिरके पाहता गडद दिसतो. त्यांना निजवायचे की उभे ठेवायचे हे रंगाच्या डब्यावर नसून मनगटावर अवलंबून आहे. बंदूक पत्र्यापासून दूर धरून, हवा जास्त सोडून, सुका फवारा मारला तर छटा फिकी पडते. जवळून, ओला मारला तर गडद. एकाच डब्यातून रंगविलेले बॉनेट व दार दोन करड्यांचे दिसतात ते यामुळे. मोटारीचे आकार ठरविणारे कलाकार मातीच्या प्रतिकृतीवर रुपेरी पापुद्रा ओला करून चिकटवितात व त्यावर धावणाऱ्या उजेडाच्या रेषा तपासतात; रुपेरी करडा हा असा आकाराचा परीक्षक असल्याने ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावर राहिलेली यत्किंचित लाट, पुट्टीचा किंचित उंचवटा, तो निर्दयपणे उघडा करतो. ज्याचे पत्र्याचे काम चोख नसेल त्याने रुपेरीच्या वाटेस जाऊ नये.

तिसरी जात अभ्रकाची, आणि येथे मोती परत येतात. सतराव्या शतकात पॅरिसच्या जाकॅं नावाच्या माळकाराने माशाच्या खवल्यांतील चकचकीत द्रव्य काचेच्या मण्यांत भरून खोटे मोती केले. तेच खवल्यांचे सत्त्व १९३० च्या आसपास काही थोड्या मोटारींच्या लॅकरमध्येही घातले गेले, पण ते फार महाग पडे. १९६० नंतर अभ्रकाच्या पापुद्र्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म कवच चढवून तीच झळाळी कारखान्यात साधली. आज करड्या मोटारीवर उन्हात जी निळसर किंवा सोनेरी झाक क्षणभर येते व जाते, ती खंडेरावांच्या गालिच्यातील मोत्याच्याच नियमाने येते. दरबारचा पारखी त्या झाकेची किंमत रुपयांत सांगत असे. रंगाऱ्यालाही ती सांगता आली पाहिजे, कारण अपघातानंतर हा रंग दुरुस्त करताना तीच झाक सर्वांत जास्त छळते.

बडोद्याच्या आसमंतात मोटार हे काही परके प्रकरण राहिलेले नाही. हालोलच्या कारखान्यातून १९९६ पासून ओपेल अ‍ॅस्ट्रा बाहेर पडू लागली. जनरल मोटर्सने तो कारखाना २०१७ साली सोडला व तेथे एम.जी. हे जुने इंग्रजी नाव आले. त्याच नावाची सायबर्स्टर ही विजेवर चालणारी दोन आसनांची उघडी गाडी तेथे घडत नाही, बाहेरून येते; पण ती आपल्याकडे मिळते तीत अँडीज पर्वताच्या नावाचा करडा आहे, आणि त्याच्यावर लाल छप्पर. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा राजवाड्याच्या सोनेरी-पिवळ्या दगडासमोर उभ्या असलेल्या रंगीबेरंगी गाड्यांत करड्या गाड्या मागे पडतील असे वाटावे. पण त्या पिवळ्या दगडाशेजारी फिका करडा निळा दिसू लागतो व खुलतो. शेजार बदलला की करडा बदलतो. निवड करणाऱ्याने गाडी रोज कोठे उभी राहणार, याचा विचार म्हणून आधी करावा.

माझे मत विचारले, तर ते असे. गाडी १९५०-६० च्या घाटाची, वळणांनी भरलेली असेल, आणि पत्र्याचे काम करणारा हात विश्वासू असेल, तर रुपेरी करडा किंवा गनमेटल यांना तोड नाही. त्यांतही अ‍ॅल्युमिनियम जाडे नसावे, बारीक असावे, म्हणजे चमक ठिणग्यांसारखी न वाटता रेशमासारखी वाटते. गाडी आजच्या घाटाची, धारदार कडांची असेल, तर सपाट करडाच घ्यावा, कारण तिच्या कडा स्वतःच उजेड कापतात आणि त्यावर आणखी चमक ठेवणे म्हणजे आकाराशी भांडणे आहे. मात्र सपाट व अतिगडद करडा बडोद्यास घेऊ नये. उन्हाळ्यात येथे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर जातो, गडद पत्रा हात लावू देत नाही, आणि गुजरातची पिवळसर धूळ त्याच्यावर तासाभरात दिसते; रोज फडक्याने पुसले की बारीक गोल ओरखडे उमटतात व वर्षभरात सगळी गाडी भुरकट होते. फिका मेटॅलिक करडा तीच धूळ आठवडाभर पोटात घालतो.

आणि रंग घेण्यापूर्वी पुढची दुरुस्ती कशी होणार, हे गॅरेजवाल्यास स्पष्ट विचारून घ्यावे. सपाट करड्यावर ओरखडा आला तर तेवढेच दार पुन्हा रंगविता येते. मेटॅलिकवर आला तर दाराबरोबर शेजारच्या मडगार्डवरही बेस कोटची, म्हणजे रंगाच्या थराची, झाक विरवत न्यावी लागते व दोहोंवर पारदर्शक क्लिअर चढवावा लागतो, म्हणजे खर्च जवळजवळ दुप्पट. अभ्रकाचा असेल तर याहूनही सावध राहावे. मूळ रंगाचे मिश्रण ज्या दिवशी केले, त्या दिवशीच डब्यावरचा क्रमांक, प्रत्येक घटकाचे वजन, बंदुकीच्या तोंडाचा आकार आणि हवेचा दाब हे सर्व वहीत लिहून घ्यावे, आणि त्याच रंगाचा, त्याच दिवशी, त्याच हाताने फवारलेला पोस्टकार्डाएवढा पत्रा मागून घेऊन अंधाऱ्या कपाटात कागदात गुंडाळून ठेवावा. पाच वर्षांनी नवा डबा जुळवायची वेळ येते, तेव्हा उन्हात उतरलेल्या गाडीच्या रंगापेक्षा तो पत्रा अधिक खरे सांगतो.